पाण्याचा धोका

कुणाच्याही घरी पाणी पुढे आलं की मी पहिला घोट जिभेवर धरून ठेवते. सून म्हणते, "आई, चारचौघांत असं करू नका, लोकांना वाटतं तुम्ही संशय घेताय." संशयच घेते मी, त्यात लपवण्यासारखं काय आहे? बोळिंजला आमच्या बिल्डिंगमध्ये टँकर येतो. त्याचं पाणी टाकीत, टाकीतून मशीनमध्ये आणि मशीनमधून ग्लासात. एवढी वणवण करून आलेल्या पाण्याला चव म्हणून काही उरत नाही, पण जीभ आपली खोड सोडत नाही. ही खोड मला आयकडून, म्हणजे माझ्या आईकडून लागली, आणि आयला ज्या दिवसांत लागली त्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. त्यात एक गोल्फचं मैदान आहे. वसईत गावाच्या बागेत गोल्फ खेळायचे म्हटलं की लोक हसतात. हसा खुशाल. आम्हीही हसलो होतो.

आमचं घर उमेळ्याच्या पुढे, खाडीकडे तोंड करून. मागे वाडी, वाडीच्या टोकाला विहीर, तिच्यापलीकडे कुंपण आणि कुंपणापलीकडे गावाचं गुरचरण. गुरचरणात, आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं तळं, जुन्या माणसांनी पावसाचं पाणी साठवायला खणलेलं. काठाला भेंडी आणि माड, पाण्यात मरळ मासे, आणि संध्याकाळ झाली की बेडकांचा असा गलका, की घरात बोलायचं तर आवाज चढवावा लागे. आय चुलीवर तांदळाची भाकरी थापायची, तव्यावर सुके बोंबील चुरचुरायचे, आणि त्या सगळ्याच्या मागे ते बेडूक. मी लहानपणी समजत होते की अंधार पडण्याचा आवाजच तसा असतो. खाडी इतकी जवळ, की भरतीचा वारा ओठांना खारट लागायचा. विहिरीचं पाणी मात्र शहाळ्यासारखं गोड. बावखल भरलेलं असलं की विहीर गोडी राहते, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कुणी कधी ते बोलून दाखवत नव्हतं. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

विहिरीच्या पाण्यावर आयचा मोगरा होता. वाडीतली केळी बाची, भाजी घराची, पण मोगरा आयचा. माहेरून तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या काड्यांपासून तो वाढवलेला. उजाडायच्या आत ती आणि आम्ही दोघी बहिणी, मोठी सुमन आणि धाकटी मी, कळ्या खुडायला उतरायचो. कळ्या केळीच्या ओल्या पानात बांधून फुलवाल्याकडे जायच्या. मग दिवसभर आयच्या बोटांना तो वास असायचा, मासे साफ केले तरी जायचा नाही. बा म्हणायचा, "आमच्या घरान माशाच्या आंबटाला बी मोगऱ्याचा वास येतंय." आय वरवर रागवायची. पण तिला विचारलं असतं की तुझं स्वतःचं असं काय आहे, तर तिने घराकडे नाही, वाडीकडेच बोट केलं असतं.

गोल्फ आणलं बस्त्यावकाकांनी. ते आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आळीतले. आखातात एका तेल कंपनीत जन्म घालवून परत आले, ते एक लांबलचक चामड्याची पिशवी घेऊन. तिच्यात लोखंडी काठ्या. त्याच सुमारास नगरपालिकेने गुरचरणावर सार्वजनिक बाग करायचं ठरवलं होतं. काकांनी नगरपालिकेच्या मेंबरांच्या मागे लागून लागून बागेच्या अर्ध्या भागात गोल्फचं मैदान करून घेतलं. साहेबांचं नाही, सर्वांचं. नऊ खळ्या, प्रत्येकीत बांबू आणि बांबूला जुन्या साडीची पताका. ज्याला वाटेल त्याने यावं, काकांकडून काठी घ्यावी आणि मारावं. गुरं चरत असली तर ती हलेपर्यंत थांबावं, एवढाच काय तो वेगळा नियम. पोस्टमन खेळायचा, शाळेचे ड्रिलमास्तर खेळायचे, मिठागरावरचे लोक सुट्टीच्या दिवशी डोक्याला टॉवेल बांधून खेळायचे. मीही खेळायचे, आणि फुशारकी नाही, पण पोस्टमनपेक्षा बरी. काका मागून ओरडायचे, "बाय, चेंडू कुठं जाते ते तू नको बघू, तो सांगंल तुला. मान खाली!" तो टक् असा कोरडा आवाज मला अजून ऐकू येतो. गावाने मैदानाला नाव दिलं काठीचं मैदान. गवताला पाणी बावखलाचंच.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं बिनसलं ती सांगते. गोल्फमध्ये पाणी असलं तर त्याच्या काठाने लाल खुंट्या ठोकतात. चेंडू आत गेला तर काय करायचं, त्याचे काही नियम असतात, त्यांची ती खूण. काकांनी नियमाप्रमाणे बावखलाभोवती खुंट्या ठोकल्या. आणि आमच्या बाने त्या पाहिल्या. लाल रंगाची खुंटी आमच्याकडे एकाच कामाला येते, जमीन मोजून ताब्यात घ्यायला. बाचा चेहरा पडला. दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना तो गेला आणि खुंट्या उपटून घेऊन आला. काकांनी दुसऱ्या ठोकल्या, बाने त्याही उपटल्या. आय त्या चुलीत घालायची, सुकं लाकूड होतं. शेवटी एकदा काकांनी त्याला खुंटीसकट धरलं.

"अरे, मोजनी नाय ती! खेळाची खूण हाय."

"खेलाची खूण लाल कशाला रं? आमाला येडा समजतंस?" बा म्हणाला.

"बरं, पाटी लावतो. मराठीत लावतो. मंग तर झालं?"

भांडण मिटलं. दोघांनी आमच्या ओटीवर बसून चहा घेतला. काकांनी नियमांचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्यात वॉटर हॅझर्ड असा शब्द होता. त्याचं त्यांनी शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं आणि स्टेशनजवळच्या पेंटरला सांगितलं. पेंटरने जाड सागाच्या फळीवर लाल अक्षरांत लिहिलं, पाण्याचा धोका. वर आपल्या मनाने एक कवटी आणि दोन हाडं काढली. धोका म्हटलं की ती काढायचीच असते, असं त्याला विजेच्या डब्यांवरून माहीत होतं. काकांना कवटी आवडली नाही, पण रंग वाळला होता. पाटी बावखलाच्या काठावर, पायवाटेच्या तोंडाशी उभी राहिली. बाचं समाधान झालं. जमीन शाबूत होती.

सुरुवातीला आम्ही पोरी त्या कवटीला जास्वंदीचं फूल वाहायचो आणि खिदळायचो. मग हळूहळू हसू कमी झालं. गावात नव्याने राहायला आलेली माणसं पाटी वाचायची आणि मुलांना दटावायची. त्यांचं ऐकून आमच्या आळीतल्या बायाही दटावायला लागल्या. त्या बावखलात कुणी बुडालं होतं असं मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. पाटी आधी लागली, बुडालेली माणसं मागाहून आठवायला लागली. कुणाच्या तरी आजेसासूची बहीण, कुणाचा तरी बैल, एक बाई जिचं नाव कुणालाच येत नव्हतं पण जिच्या बांगड्या वाजतात म्हणे. दुपारी तिथे धुणं धुवायला जाणाऱ्या बाया दोघीदोघीने जायला लागल्या, मग जाईनाशा झाल्या. आय मात्र जायची. "पानी काय आजचा हाय?" एवढंच म्हणायची. पण एकदा मी वळून पाहिलं, तर घागर बुडवण्याआधी ती क्षणभर थांबली होती. ती थांबलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. मला तेव्हा काही तरी चुकतंय असं वाटलं, आणि काय ते सांगता येईना.

मग सुमनचं लग्न ठरलं. सासरची माणसं आमच्यातलीच, पण ठाण्यात राहून दोन पिढ्या झालेली. आमच्याकडे 'पानी', त्यांचा 'ण' खणखणीत. त्या 'ण'चा आयला फार धाक होता. आठवडाभर आधीपासून ती आम्हाला बजावत होती की पाहुण्यांपुढे तोंड सांभाळून बोला. आमच्यात हळदीच्या दिवशी नवऱ्याकडून उष्टी हळद येते, आणि ती लागल्यावर नवरीला जे न्हाणं घालतात त्याचं पाणी बावखलातून आणायचं, ही आमच्या गावाची रीत. आयचं न्हाणं त्याच पाण्याने झालेलं, आजीचंही. सकाळपासून वड्यांचं तेल तापलेलं, मांडवात चिंचेच्या कोळाचा आणि ओल्या शेणाचा वास. नवऱ्याची मामी उष्टी हळद घेऊन आली, चांगली ठसठशीत बाई, हातात घड्याळ. मग सनई-ताशा पुढे, डोक्यावर आंब्याच्या पानांचे टाळे घातलेल्या कळश्या घेऊन बाया मागे, आणि मधोमध धवलारीण म्हातारी. धवलारीण म्हणजे आमच्याकडची लग्न लावणारी बाई. भटजी नंतर येतो, आधी तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी. ती पाण्याला हाक मारणारा धवला म्हणत होती आणि आम्ही पायवाटेच्या तोंडाशी पोचलो.

मामींनी पाटी वाचली. मोठ्याने वाचली. मग वरची कवटी पाहिली.

"अहो विहीणबाई, हे काय? ह्या पाण्याने मुलीला आंघोळ घालणार तुम्ही?"

आय म्हणाली, "ता खेलाचा हाय, मामी. बस्त्यावदादानं लावलंय. पानी चांगला हाय."

"नगरपालिकेच्या बागेत कोण उगाच लिहील? कवटी आहे त्यावर. उद्या मुलीच्या अंगावर काही उठलं तर आमच्याकडे बोट होईल."

सनई थांबली. ताशेवाला उगाच दोनदा वाजवून गप्प झाला. सगळ्या बाया आयकडे बघत होत्या, आणि आय सुमनकडे. सुमन वाडीच्या कुंपणापर्यंत येऊन पिवळ्या अंगाने उभी होती, तिथूनही तिचा घाबरलेला चेहरा दिसत होता. आयने डोक्यावरची कळशी खाली घेतली, तिच्यातला टाळा नीट केला आणि म्हणाली, "चला, नलावर जाऊ." आळीच्या नाक्यावर नवा नळ आला होता. तिथे त्या दिवशी रांग होती, लोकांनी बाजूला होऊन आम्हाला आधी भरू दिलं. धवलारणीचा धवला अर्ध्यावर तुटला होता तो तिने पुरा केला नाही. परतताना ती आयला हळूच म्हणाली, "पान्याचा मान मोडला गो." आयने ऐकलं न ऐकलंसं केलं. सुमनला न्हाणं घातलं, वडे सगळ्यांना पुरून उरले, मामी खूश होऊन गेल्या. त्यानंतर गावातली लग्नं नळावरच जायला लागली. आमच्या घराने पायंडा पाडला होता.

बावखलावर शेवाळ धरलं. रविवारी मुंबईहून मोटारी यायच्या, गोल्फ बघायला किंवा खेळायला, आणि मोटारी लावायला जागा नव्हती. तेव्हा मेंबरांनी बागेतल्या शेडखाली सभा बोलावली. धोकादायक पाणी बुजवून तिथे मोटारींची सोय करायची, असा विचार सांगितला. काका तिरीमिरीत उठले. "धोका मानसाला नाय रे! चेंडवाला धोका! चेंडू पान्यात जाते, एवढाच त्याचा अर्थ!" सभा खो खो हसली. मेंबर हसत हसत म्हणाले, "काका, पाटी तुम्हीच लावलीत ना? आता आम्ही ऐकतोय तर तुमची तक्रार."

आय बायांमध्ये मागे उभी होती. ती अशा ठिकाणी कधी बोललेली नव्हती. पदर नीट करून ती पुढे आली आणि म्हणाली, "बावखल नका बुजवू. आमच्या इहिरीचा पानी जाईल. माझा मोगरा जाईल."

मेंबर वाईट माणूस नव्हते. आवाज मऊ करून म्हणाले, "वहिनी, घरोघर नळ येतोय. आणि खरं सांगा, तुमच्याच मुलीच्या लग्नात तुम्ही ते पाणी घेतलंत का?"

कुणी हसलं नाही. आय परत बायांमध्ये जाऊन उभी राहिली. मला आजही त्या माणसाचा राग येतो. त्याने खोटं काहीच विचारलं नव्हतं, म्हणून जास्त येतो.

डबराचे ट्रक आले. कुठल्या कुठल्या पाडलेल्या घरांच्या भिंती त्यांत होत्या, निळ्या, गुलाबी, एकीवर देवघराचा कोनाडा जसाच्या तसा, एकीवर लहान मुलाची उंची मोजल्याच्या रेघा. पाण्यात पडताना त्या आधी थोडा वेळ तरंगल्यासारख्या वाटायच्या, मग जायच्या. मरळ काठावर येऊन तडफडत होते. लोकांनी ते टोपल्या भरभरून नेले, आमच्या घरी कुणी खाल्ले नाहीत. बेडूक निघाले आणि आमच्या वाडीत शिरले. सकाळी कळ्या खुडायला उतरलो, तर विहिरीच्या कट्ट्यावर, रहाटाच्या लाकडांवर, पायरीवर बेडूक बसलेले, एकही ओरडत नव्हता. आय त्यांच्यातून पाय जपत विहिरीपर्यंत गेली आणि घागर न सोडताच परत आली. चारदोन दिवसांत ते कुठे गेले कळलं नाही. त्यानंतरच्या संध्याकाळी आमच्या घरात आवाज न चढवता बोलता यायचं. आम्ही बोलतच नव्हतो.

चैत्रात चहा फाटला. आयने दूधवाल्याला शिव्या घातल्या. मग डाळ शिजेना, लाकडं संपली तरी दाणा दाण्यासारखा. आयने वाण्याला नावं ठेवली. मग साबणाला फेस येईना. तेव्हा मात्र ती कुणाला काही बोलली नाही. त्या दिवसापासून ती रोज सकाळी ओंजळभर पाणी काढून जिभेवर धरायची, डोळे मिटून उभी राहायची आणि आम्हाला सांगायची, "गोडा हाय." मीही घ्यायचे. ते गोड नव्हतं. आधी मचूळ होतं, मग खारट. तरी मी "हो" म्हणायचे, कारण तिच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणवत नव्हतं. मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या, चुलीजवळ ठेवल्यासारख्या. ती नाक्यावरच्या नळाचं पाणी हंडे भरभरून आणून घालायची. बा म्हणायचा, "किती आनशील?" ती पुढचा हंडा उचलायची. कळ्या बारीक झाल्या, मग देठालाच वाळायला लागल्या. एका सकाळी तिने मला उठवलंच नाही. उजाडल्यावर मी बाहेर आले तर ती ओटीवर नुसती बसली होती, आणि तिच्या बोटांना कसलाच वास नव्हता.

काठीच्या मैदानाचंही तेच झालं. बावखल गेल्यावर बागेत खणलेल्या विहिरीचं पाणी घालून गवत पिवळं पडलं, मग जागोजाग मिठाचा पांढरा पापुद्रा धरला. मोटारींची सोय उत्तम झाली होती, मोटारी यायच्या थांबल्या. पताका कुणीतरी काढून नेल्या. आज तिथे सात इमारती आहेत आणि कमानीवर नावात गोल्फ आहे. गेल्या वर्षी तिथेच एका ओळखीच्यांकडे पूजेला गेले होते, तर खाली टँकर उभा होता आणि वॉचमन पाइप जोडत होता. गोल्फचं नाव का दिलं, असं मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "तसंच. ऐकायला बरं वाटतं." मी तीर्थसुद्धा जिभेवर धरलं, सवयीने.

मैदान बंद पडलं त्या सुमारास बस्त्यावकाका आमच्याकडे आले. भर उन्हाचे, टोपीशिवाय. मुठीत मैदानातली मिठाने पांढरी पडलेली माती होती, ती त्यांनी ओटीवर ठेवली. बा आतून बाहेर आला. काका बाशी बोललेच नाहीत, आयला म्हणाले, "वैनी, शब्द चुकला माझा. दुसरा कायतरी लिवायला पायजे होता. मी रोज दुसरा शब्द शोधतंय आणि मना सापडत नाय." आणि ते म्हातारे गृहस्थ आमच्या ओटीवर रडायला लागले. बाने मान खाली घातली. मला वाटलं आय आता त्यांना काहीतरी लागेल असं बोलणार, आणि मला ते ऐकायचंही होतं.

आय उठली आणि कुंपणातून पलीकडे गेली. आम्ही बघत राहिलो. डबराच्या कडेला ती पाटी आडवी पडली होती, एक पाय मोडलेली. तिने ती उचलली, डोक्यावर घेतली, जशी त्या दिवशी कळशी घेतली होती, आणि वाडीत आली. करपलेल्या मोगऱ्याच्या मधून सरळ विहिरीवर. फळी विहिरीच्या तोंडावर आडवी टाकली, अक्षरं वर करून, कवटीवरची माती पदराने पुसली. मग ओटीकडे वळून काकांना म्हणाली, "दादा, शब्द बराबर हाय तुमचा. जागा चुकली व्हती."

बा आत गेला आणि हातोडी आणि खिळे घेऊन आला.